उरलेल्या गोळ्या

शेजारची द्रौपदाबाई तापलेल्या नातीला कडेवर घेऊन दारात आली. “लोटनभाऊ, वहिनीच्या अँटिबायोटिक गोळ्या उरल्यात ना? चार दे.” पाकीट समोरच फळीवर होतं. बायको जाऊन महिना झाला, तरी लोटनला ते टाकवलं नव्हतं. त्याचा हात फळीपर्यंत गेला आणि थांबला. जळगावच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं: अर्धवट औषधाने न मेलेले जंतू औषध पचवायला शिकतात, आणि ती विद्या शेजारच्या जंतूंनाही देतात. “नाही देत,” तो म्हणाला. द्रौपदाबाई चिडली. “वहिनी असती तर मागायच्या आधीच दिल्या असत्या. स्वतः दोन खायची, दोन मला ठेवायची.” “ठेवायचीच. जन्मभर तशाच वाटून खाल्ल्या तुम्ही दोघींनी. शेवटी दवाखान्यात बठ्ठी औषधं दिली, होती तेवढी सगळी, तिला एकही लागू पडलं नाही.” द्रौपदाबाईने नातीला घट्ट धरलं. लोटनने स्कूटर काढली. “चल डॉक्टरांकडे, मागे बस.”