मैय्या ओलांडणारी रेघ

फोनने परिक्रमेभर टिपलेली वत्सलामावशींची वाट भाचीच्या लॅपटॉपवर लाल रेघ होऊन उमटली, आणि मावशी ताडकन उठल्याच. "अगं केतकी, ही तर नर्मदेच्या पात्रातून पलीकडे गेली! मैय्या ओलांडली की परिक्रमा मोडते. उद्या निघणारी मंडळी हीच रेघ धरून चालणार आहेत ना!"

"तू नाही ओलांडलीस गं. फाइल जड होती, म्हणून नकाशासाठी बदलताना मी वाटेचे निम्मे बिंदू गाळले. वळण सरळ झालं."

"गाळलेस? उद्या कीर्तनात बुवांना सांगशील, पूर्वरंग गाळा, वेळ वाचेल!"

केतकीने हसत एकही बिंदू न गाळता फाइल पुन्हा बदलली. रेघ मुकाट्याने अलीकडच्या काठाला लागली. मावशींचा जीव भांड्यात पडला.

"पण मावशी, आता या देवळापाशी केवढा गुंता दिसतोय! वाट चुकलीस?"

मावशी चक्क लाजल्या. "चुकते कसली! कीर्तन रंगलं होतं तिथं. फोन कमरेला, आणि मी आपली नाचतेय."

"पुसून टाकू?"

"राहू दे गं. त्यांनाही कळू दे, तिथं घाई करायची नाही," म्हणत मावशींनी स्वतःच फाइल मंडळींना धाडली.