मेहुण्याला रडवील असा मृत्युलेख

“रडू आलं पायजे, पंतजी. वाचनारा रडला नाही त छापून काय फायदा?”

वलगावचे खुशालराव हे तिसऱ्यांदा म्हणाले. सुतकातला माणूस म्हणून मोरोपंतांनी त्यांना जरा लांब बसवलं होतं, पण ते बोलता बोलता सरकत पुढे येत होते. मोरोपंत तितकेच मागे सरकत होते.

मोरोपंत मूळचे पुण्याचे. अमरावतीत येऊन त्यांनी शिळाप्रेस टाकला होता आणि आठवड्याला एक वर्तमानपत्र काढत होते. पत्रात वर मुंबईचा कापसाचा दर असे, खाली मोरोपंतांचे विचार. दर सारा वऱ्हाड वाचायचा. विचार फक्त त्यांची बायको रमा वाचायची, तेही ते समोर उभे राहिले तर.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे कापसाला सोन्याचे दिवस आले. खुशालरावांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या. अशा माणसाने बायकोचा मृत्युलेख छापायला यावं, हे पत्राचं भाग्यच म्हणायचं. पण तसं तोंडावर म्हणता येत नव्हतं, म्हणून मोरोपंतांनी सुतकी चेहरा केला.

“मनकर्णाबाई कधी गेल्या?”

“तारीख तुमीच टाका. जरा बरी पाहून.”

“आणि तेरावं कधी?”

“ते नका छापू. सूर्यभान आला म्हंजे झालं.”

सूर्यभान हा मनकर्णाबाईंचा सख्खा भाऊ, तेल्हाऱ्याचा. भाचीच्या लग्नात त्याच्या पानावर तूप उशिरा आलं, तेव्हापासून तो रुसला होता. वलगावचा माणूस दिसला की दार लावून घ्यायचा. कुणाचा निरोप ऐकत नव्हता. पण कापसाच्या दरासाठी मोरोपंतांचं पत्र मात्र न चुकता घ्यायचा.

“त्यानं रडलंच पायजे,” खुशालराव म्हणाले. सुतकातही त्यांची मिशी उतरवलेली नव्हती, टोकांना पीळही होता. पैसा आला की माणसं रीतभात विसरतात, असं मोरोपंतांच्या मनात आलं. पण गिऱ्हाइकाच्या मिशीबद्दल बोलायचं कसं?

दाराशी एक बाई पदर पुढे ओढून पाठमोरी बसली होती.

“या कोण?”

“घरच्याच हायेत.”

बहीण असेल, असं समजून मोरोपंतांनी लेखणी उचलली. अर्धं पान झरझर लिहिलं आणि वाचून दाखवलं. “‘पतिव्रताशिरोमणी, मितभाषिणी, साक्षात शांतीची मूर्ती अशा मनकर्णाबाई...’”

“थांबा. हे कोनाची बायको व्हय?”

“तुमचीच की.”

“माही नाही. शेजारचे हासतीन. अन् सूर्यभान त म्हनन, दुसरीच कोनी मेली.”

दाराशी बाई खोकली.

“मग तुम्हीच सांगा. कशा होत्या?”

इतकी वर्षं संसार झाला, पण हे खुशालरावांना कुणी विचारलं नव्हतं. “भाकरी चांगल्या करते,” ते शेवटी म्हणाले.

बिचाऱ्याला अजून सवय झालेली नाही, असं वाटून मोरोपंतांना खरंच गलबलून आलं. “अजून?” त्यांनी हळूच विचारलं.

“तोंडानं लय फटकळ. म्या बैलाइले चांदी केली, त म्हने, ‘बैलाच्या शिंगाले चांदी अन् सालदार गड्याच्या अंगावर फाटकी बंडी! लाज नाही वाटत?’ अन् दुसऱ्याच दिवशी त्याले नवी बंडी शिवून आनली. वेचनीच्या पयल्या दिवशी वेचनाऱ्या बाया पोटभर जेवल्याबिगर मले घास नाही द्याची. मांगच्या साली मले ताप आल्ता, त रातभर उशाशी बसली. डोळ्याले डोळा नाही लागला तिचा. सकाळी ताप उतरला, त म्हने, ‘मेले नाही ना? मंग उठा, वखर धरा.’”

ते हसले, आणि हसता हसताच डोळे पुसू लागले.

“तिच्याबिगर माह्यं काही खरं नाही, पंतजी. तिले हे कधी बोललो नाही मी. कसं बोलनार? बायकोची तारीफ करते का कोनी?”

मोरोपंतांनी शिरोमणी खोडला. शांतीची मूर्तीही खोडली. ऐकलं तसं सरळ लिहून काढलं आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं.

तापाच्या रात्रीपाशी आले तेव्हा खुशालरावांनी पागोट्याच्या शेमल्यात तोंड खुपसलं होतं. शेवटची ओळ मोरोपंतांना दोनदा वाचावी लागली. दाराशी बसलेली बाई तर गदगदून रडत होती, अशी की रस्त्यावरचे दोघे गाडीवान डोकावून गेले. मोरोपंतांच्या लिखाणाने आजवर कुणी साधं उसासलंही नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं आणि आनंदही आवरत नव्हता.

“आवरा, बाई,” ते मोठ्या मायेने म्हणाले. “रडून गेलेलं माणूस परत येत नसतं.”

बाईने पदर मागे सारला. नाक पुसलं आणि मोरोपंतांकडे वळून बसली.

“बाकी सारं बेस लिवलं, पंतजी,” ती म्हणाली. “पन ते तापाचं खोडा, मी तसं नोती म्हनली. अन् नवऱ्याच्या तोंडून एवढं ऐकाले मले मरा लागलं, हे बी लिवा त्यात.”

“चूप राय, मनकर्णे!” खुशालराव रडता रडताच ओरडले. “कावळा तुह्या डोक्यावर बसला. तुले मेली समजून तो सूर्यभान रडल्याबिगर तुह्यावरची मौत टळत नाही. तोवर मेलीच राय!”