चेदोमिरचं डुलतं विमान

तिसऱ्या वळणावर पाद्रीबाबा ओकले.

थोडंथोडकं नाही. दाढीतून, काळ्या झग्यावरून, पायाखालच्या पेडलांवरून ओघळत ते थेट मोटरवर टपकलं. मोटर चुरचुरली आणि तळलेल्या कांद्याचा आंबूस भपकारा गॅरेजभर पसरला.

"थांबव रे मेल्या! थांबव ही सैतानाची खुर्ची!"

चेदोमिरने बटण दाबलं. भंगारातल्या बसची खुर्ची, तिच्याखाली ट्रकचा जुना सांधा, गाड्यांच्या वायपरच्या तीन मोटरी आणि समोर भिंतीएवढा पडदा. दोन वर्षांची मेहनत कण्हत कण्हत थांबली.

पाद्रीबाबा दरवर्षी स्लावाच्या, म्हणजे घरच्या संताच्या सणाच्या आठवडाभर आधी पाणी मंतरायला येत. पाणी पाच मिनिटांत मंतरून व्हायचं. मग स्वयंपाकघरात ठाण मांडून, प्रत्येक पातेल्यात बोट बुडवून संध्याकाळ करायचे. आज दहा मिनिटांत फाटकाबाहेर गेले.

चेदोमिरची बायको विदोसावा एप्रनने नाक दाबून दारात उभी होती.

"शी! आधी शेजारचा मिले, आता देवाचा माणूस. ऐक चेदो, सणाच्या दिवशी आणखी एकजण जरी ओकला, तर सोमवारी भंगारवाला बोलावते. आणि हे तूच पुसायचंस. मी बोटसुद्धा लावणार नाही."

चेदोमिर बादली घेऊन गुडघ्यांवर बसला. दाढीचा एक केस चिकटलेला बीनचा दाणा फडक्यात आला आणि त्याला स्वतःलाच उमासा आला.

सव्वीस वर्षं त्याने गावाबाहेरच्या धावपट्टीवर फवारणीच्या विमानांत पेट्रोल भरलं होतं. एकाही वैमानिकाने कधी म्हटलं नाही, ये रे, बस जरा. पेन्शन मिळाली तशी त्याने स्वतःच खुर्ची बांधायला घेतली. आता ही गेली, तर उरलेलं आयुष्य बाकड्यावर बसून कोणाला कुठे दुखतं ते ऐकायचं.

आणि कोडं असं, की तो स्वतः बसला की खुर्ची लोण्यासारखी चालायची. रोज सकाळी कॉफीचा कप हातात धरून तो एक चक्कर मारायचा. थेंब सांडत नसे. मिले ओकला तेव्हा चूक त्याचीच होती, हे मान्य. पडद्यावरचं विमान कललं की खुर्चीही त्याच क्षणी कलायला हवी, ती मागे पडत होती. पण ते त्याने कधीच दुरुस्त केलं होतं.

"अर्धा सेकंद जरी उशीर झाला ना विदा, की डोळे एक सांगतात, पोट दुसरंच," त्याने जेवताना समजावलं होतं. "मग रेड्याचंही पोट रिकामं होईल. कॉम्प्युटरवर एक आकडा असतो, तो शून्यावर ठेवायचा, बस्स."

"घास तोंडात असताना हे बोलू नकोस," विदोसावा म्हणाली होती.

म्हणजे दोष माणसांचाच. या गावात पोटंच नासकी, असं चेदोमिरचं मत झालं.

सणाच्या, म्हणजे संत निकोलाच्या दिवशी सकाळी त्याने आकडा शून्यावरच आहे हे पाहिलं, तीन चकरा मारल्या आणि सणाची पोळी घेऊन चर्चला गेला. परत आला तर अंगण गाड्यांनी भरलेलं. स्लावाला कोणी कोणाला बोलवत नाही. येईल तो पाहुणा, आणि जाईपर्यंत त्याला वाढायचं.

मेजाच्या टोकाला रादिशा बसला होता. हा चेदोमिरचा कुम. लग्नात पाठीशी उभा राहिलेला, दोन्ही मुलांना नाव दिलेला. सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, कुमाला नाही. गेल्या वर्षी तो बायकोसकट तीन दिवस राहिला होता. उपासाचे दिवस, मांस नाही, म्हणून नुसते मासेच नऊ खाल्ले, काट्याने दात कोरले, बोटं टेबलक्लॉथला पुसली, आणि मोजे काढून पाय चुलीपाशी शेकत ठेवले.

"कुमा!" तो माशाचं डोकं चोखत ओरडला. "विमान ठेवलंयस म्हणे घरात! चल, उडव मला!"

"कुमा, जरा पोट हलकं होऊ दे..."

"माझ्या पोटाची काळजी तुला कधीपासून? माझं पोट लोखंडाचं आहे!"

चेदोमिरने बायकोकडे आशेने पाहिलं.

"नेतोस की नाही?" विदोसावा मासा वाढत म्हणाली. "कुमाला नाही म्हणतोस? आपल्या घरात?"

पन्नास माणसं गॅरेजमध्ये दाटली. पहिल्या वळणाला रादिशा हसला. दुसऱ्याला गप्प झाला. तिसऱ्याला त्याने तोंड उघडलं, आणि खुर्ची फिरत असल्याने जे बाहेर आलं ते गोल फिरत आलं. रस्सा, भात, बीन, अख्ख्या मेजवानीचा फवारा. पुढच्या रांगेतली मावशी भिजली, ती मागच्या भाच्यावर ओकली, भाच्याने कोणाला सोडलं नाही. गॅरेजात पाय ठेवायला जागा राहिली नाही, आणि होती तिथे पाय घसरत होता.

अर्ध्या तासात अंगण रिकामं झालं. रादिशा स्वतःच्या गाडीत काचा खाली करून आडवा पडला होता.

चेदोमिरने पाना उचलला. शर्टावर कोणाचं काय होतं, ते बघायची त्याला हिंमत नव्हती. त्याने पहिला बोल्ट सैल केला.

"हात काढ," मागून आवाज आला.

विदोसावा रबरी बूट घालून, बादली घेऊन आत आली. तिने पाना त्याच्या हातून काढून घेतला, बोल्ट पुन्हा घट्ट पिळला आणि फरशी पुसायला बसली.

"पाद्रीबाबांना अर्धा सेकंद पुरला," ती म्हणाली. "कुम जाडा, म्हणून मी पाऊण ठेवला. आता असं कर चेदो, आणखी एक खुर्ची जोड. त्याची बायको अजून आत केक खातेय."