कानाडोळा

हल्ली ह्यांना हाक मारली तरी ओ देत नाहीत. सारखे कॉम्प्युटरपुढे, आणि मी खोलीत शिरले की झटकन व्हिडिओ बंद. विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं, नवीन प्लेअर आहे, शिकतोय."

ह्या वयात काय शिकताय ते बघतेच, मनात म्हटलं.

आज हे आंघोळीला गेले आणि मी प्लेअर उघडला. त्यानं इमानदारीत, ह्यांनी सोडला होता तिथूनच व्हिडिओ सुरू केला. पडदाभर एका बाईचे नुसते ओठ! आवाज बंद, वेग अर्धा, आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण ही सटवी, म्हणून झूम कमी करत गेले. ओठांच्या वर नाक आलं, नाकाशेजारी तीळ आला.

माझाच. लेकीच्या लग्नात मी ह्यांच्यावर डाफरत होते.

मागे वळले तर दारात हे, ओल्या केसांनी.

"कधीपासून ऐकू येत नाहीये?"

ह्यांची नजर माझ्या ओठांवर. "परत बोल, जरा सावकाश. 'प' आणि 'ब' मला अजून सारखेच दिसतात."