चौऱ्याण्णव डेसिबल

फोरमन बाबांनी तिसऱ्यांदा मान हलवली. "सत्त्याण्णव? तुझं मीटरच बिघडलंय. तीस वर्षं या प्रेसपाशी उभा आहे मी, एवढा आवाज नसतो इथे." कारखान्यातला आवाज मोजायला आलेल्या लेकीचं डोकं फिरलं. घरीही हेच. चार हाका मारल्याशिवाय ओ देणार नाहीत, वर आपलंच खरं करणार. जेवणाची सुट्टी झाली, यंत्रं थांबली, तशी तिने पिशवीतून मुठीएवढा कॅलिब्रेटर काढला. ती सवयीने ओरडूनच म्हणाली, "याचा आवाज ठरलेला असतो, चौऱ्याण्णव डेसिबल. मीटरने तेवढाच दाखवला, तर मीटर खरं. मग आवाज अडवायला रोज कानांवर इयरमफ घालाल?" "घालीन." तिने बटण दाबून तो त्यांच्या कानाशी धरला. "आधी तुम्हीच ऐका." कर्कश शिट्टीने दाराशी डबा उघडणारा वेल्डर दचकून वळला. बाबा वाट बघत राहिले. मग वैतागून म्हणाले, "अगं, चालू कर की."