फाटकाच्या आत
गोचा हा कुताइसी शहराच्या फुटबॉल संघाचा आघाडीचा खेळाडू, आणि त्याची आई त्सियाला स्टेडियमच्या फाटकाबाहेर सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया विकायची. आत गर्दी त्याच्या नावाने गरजली, की ती गिऱ्हाइकाला मूठभर बिया जास्त द्यायची. धंदा सोडून आत मात्र ती कधीच गेली नाही. निवृत्तीच्या सामन्याला गोचाने हट्टाने तिला पहिल्या रांगेत बसवलं. नेमका त्याच दिवशी त्याला गोल जमेना; मोकळ्या गोलासमोरही चेंडू दांड्यावरून गेला. “म्हाताऱ्या, घरी बस!” मागून कुणीतरी ओरडलं. “तू आधी स्वतःचं पोट आवर!” त्सियालाने वळून सुनावलं. सामना संपल्यावर गोचा मान खाली घालून तिच्यापाशी आला. “आई, तुला आज उगाच आणलं.” तिने रुमालाने त्याचा घाम पुसला. “बाहेर मला फक्त गोल ऐकू यायचे रे. तू एवढा पळतोस, पडतोस, हे आज पाहिलं.”