शेवटचं पर्सिमन

"एक राहिलंय," आळीचे अध्यक्ष तोगाशी म्हणाले आणि त्यांच्या कमरेची घंटी वाजली.

घंटी अस्वलासाठी होती. अस्वल आलं हे तोगाशींना कळावं म्हणून नव्हे. तोगाशी आले हे अस्वलाला कळावं म्हणून. पिकल्या पर्सिमनच्या वासाने यंदा अस्वलं डोंगर उतरून पार पोस्टापर्यंत आली होती. तेव्हा आळीतल्या प्रत्येक झाडावरचं प्रत्येक फळ उतरवायचं, असं समितीत ठरलं. तोगाशी घरोघर फॉर्म घेऊन फिरत होते. फॉर्मवर दोनच रकाने होते : फळं आणि अस्वलं.

झाडाचे मालक इवाओ यांनी मान वर केली. अगदी शेंड्याला, भगव्या टोमॅटोसारखं, एक पर्सिमन लटकत होतं.

"ते झाडाचं आहे," ते म्हणाले. "शेवटचं फळ झाडाला ठेवायचं असतं. तुमचे वडीलही ठेवायचे."

"ठेवायचे ना. पण तेव्हा अस्वलांना ही पद्धत माहीत नव्हती."

"एका फळासाठी अस्वल एवढा डोंगर उतरेल होय?"

"इवाओदादा, ठरावात 'सर्व' लिहिलंय. 'बहुतेक' असतं तर मी बोललोच नसतो." मग तोगाशींचं लक्ष अंगणातल्या छोट्या गाडीकडे गेलं. तिच्या दोन्ही आरशांवर लोकरीचे पायमोजे चढवलेले होते. "आरशांना थंडी वाजते?"

"थिरथिऱ्या पक्ष्यासाठी आहेत. आरशात त्याला दुसरा थिरथिरा दिसतो. मग दिवसभर मारामारी."

"आला का यंदा?"

"नाही अजून."

मोजे पंधरा दिवस तसेच होते. ते त्यांच्या बायकोचे, फुसाएचे होते. तिचे पाय आता जमिनीला लागत नव्हते, त्यामुळे तिची हरकत नव्हती.

फुसाए खिडकीशी, चाकाच्या खुर्चीत बसली होती. सोमवारी तिला खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमात जायचं होतं. इवाओंच्या कमरेने तिला उचलायला साफ नकार दिला होता. तिथली खोली चांगली होती. खिडकीसुद्धा होती. ती पार्किंगकडे उघडायची. आज शनिवार.

दर वर्षी सैबेरियातून निघून तो मूठभर पक्षी नेमका याच शेंड्यावर यायचा. चंदेरी टोपी, काळा चेहरा, पर्सिमनच्या रंगाचं पोट. आला की शेपूट थरथरवायचा आणि नमस्कार केल्यासारखा कमरेत वाकायचा. फुसाए खिडकीतून उलट वाकायची. पण यंदा तिच्या डोळ्यांत नुसते रंग उरले होते, आकार गेले होते. "तो आला तरी मला दिसणार कसा?" तिने विचारलं होतं. इवाओंनी तोड काढली होती : "आधी पर्सिमन शोध. त्याच्या शेजारी काही हललं की तोच."

पर्सिमन गेलं तर तिला सगळं आभाळ शोधावं लागणार होतं. हे फॉर्मवर कुठल्या रकान्यात घालायचं?

"अहो," खिडकीतून फुसाए म्हणाली, "काढून टाका ते. तोगाशीभावजी किती वेळ उन्हात उभे आहेत."

"वहिनी, ऊन नाहीये," तोगाशी म्हणाले.

"मग थंडीत उभे आहेत."

इवाओंनी भिंतीशी टेकवलेला लांब बांबू उचलला. त्याचं टोक उभं चिरलेलं होतं. चिरेत डहाळी पकडायची आणि पिरगळायची. एरवी एका झटक्यात व्हायचं. आज चार वेळा डहाळी निसटली. त्यांनी मुद्दाम केलं असं तोगाशींना वाटलं असणार, पण ते सभ्यपणे फॉर्मकडे बघत राहिले. पाचव्यांदा मोडल्याचा आवाज आला.

इवाओंनी फळ खिडकीतून फुसाएच्या मांडीवर ठेवलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं.

"गार आहे," ती म्हणाली. आणि मग, त्यांची समजूत काढल्यासारखं, "चांगलं पिकलंय हो."

 इवाओंनी बांबू पुसायला घेतला. बांबू स्वच्छच होता.

तोगाशींनी फळांच्या रकान्यात 'सर्व', अस्वलांच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं, चष्मा खिशात ठेवला आणि ते फाटकाकडे निघाले. घंटी वाजत गेली. फाटकाशी, निरोपाचं वाकायला, ते वळले आणि तसेच थांबले.

"दादा," ते अवघडून म्हणाले, "एक राहिलंय."

"काय बोलता! एकच तर होतं!"

"ते काय वर. भगवं."

इवाओ वर बघणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. फुसाए मांडीवरचं फळ बोटांनी चाचपत होती आणि तिचं तोंड नेमकं शेंड्याकडे होतं.

"राहू द्या, भावजी," ती म्हणाली. "ते आत्ताच आलंय."

शेंड्यावरचं फळ थरथरलं. मग कमरेत वाकलं.

तोगाशी अडतीस वर्षं स्टेशनमास्तर होते. जाणाऱ्या गाडीलासुद्धा त्यांनी कधी वाकल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्यांचा विचार व्हायच्या आत त्यांची कंबर वाकली. घंटी वाजली.

फळाने शेपूट हलवली आणि ते पुन्हा वाकलं.

तोगाशी आणखी खाली वाकले. पाहुणा लांबून आलेला होता. खिडकीत फुसाएही वाकली, मांडीवरच्या पर्सिमनला कपाळ टेकेपर्यंत, आणि हसतच वर आली. इवाओ बांबू हातात धरून श्वास रोखून उभे होते.

वर ते पुन्हा वाकलं. खाली घंटी वाजली. आपण आधी थांबणं उद्धटपणाचं झालं असतं, आणि दोघांपैकी कुणावरच तसे संस्कार नव्हते.